नेपाळमध्ये रॉक बँड कसा उभा राहतो आणि कशावर टिकतो

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात शिकणाऱ्या काही नेपाळी मुलांनी बँड जमवलाय. शिक्षण संपलं की पोखऱ्याला परत जाऊन तो तिथं चालवायचा, असं त्यांनी ठरवलंय. त्यांच्या मराठी मित्रानं विचारलंय की नेपाळसारख्या देशात, तेही राजधानीबाहेर, स्थानिक रॉक बँड उभा कसा राहतो, मोठा कसा होतो आणि त्यावर पोट भरतं का.

मी लाइव्ह साउंड करतो, म्हणजे कार्यक्रमात गळ्यांचे आणि वाद्यांचे आवाज जुळवून लोकांपर्यंत पोचवतो. कामाची बरीच वर्षं काठमांडू आणि पोखऱ्यात बँडांच्या मिक्सरमागे गेली, त्यामुळे स्टेजवर जे दिसतं त्यापेक्षा स्टेजमागचं मला जास्त ठाऊक आहे. आधी थेट उत्तर देतो, मग खुलासा. नेपाळमध्ये चांगल्या वादकांची वानवा नाही, आणि ऐकणाऱ्यांची तर नाहीच. बँड अडतो तो माणसं टिकवण्यापाशी. तिथले कितीतरी बँड कुणाचा तरी व्हिसा आला म्हणून मोडलेले मी पाहिलेत. आणि जी माणसं अशी देश सोडून जातात, तीच पुढे परदेशात हॉल भरून बँडांना जगवतात. या मुलांनी प्रत्येक निर्णय हे लक्षात ठेवून घ्यावा.

२०२१ च्या जनगणनेत नेपाळची लोकसंख्या सुमारे २ कोटी ९२ लाख भरली आणि जवळजवळ २२ लाख माणसं देशाबाहेर असल्याची नोंद झाली. बाहेरून घरी येणारा पैसा देशाच्या सकल उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असतो. वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या कुठल्याही खोलीत ऑस्ट्रेलिया, जपान, कतार हे शब्द दिवसातून दहा वेळा निघतात. बँड याच खोल्यांमध्ये जन्माला येतो.

पोखरा राजधानीबाहेर आहे म्हणून कमीपणा मानायचं कारण नाही. नेपाळी रॉकचा इतिहास काठमांडूइतकाच बाहेरच्या गावांचा आहे. साठ-सत्तरच्या दशकात काठमांडूच्या झोछें गल्लीत हिप्पी उतरले, तिथल्या मुलांनी त्यांच्या गिटारी आणि रेकॉर्डी ऐकल्या, हे खरं. पण तितकाच मोठा प्रवाह दार्जिलिंग-कालिम्पोंगहून आला. तिथल्या शाळांमध्ये गिटार आणि कोरस गाणं रुजलेलं होतं आणि भाषा नेपाळीच. तिसरा प्रवाह लाहुऱ्यांचा, म्हणजे ब्रिटिश आणि भारतीय सैन्यातल्या गुरखा जवानांचा. हाँगकाँग आणि इंग्लंडहून सुटीवर येताना त्यांनी टेपरेकॉर्डर, कॅसेटी आणि गिटारी आणल्या. धरान आणि पोखरा ही लाहुऱ्यांची शहरं. तिथं वडिलांची नाहीतर काकांची गिटार घरात टांगलेली असणं यात नवल नव्हतं. ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांनी भारतातून आलेल्या स्वस्त गिव्हसन गिटारीवर बोटं सोलून घेतली. तारा इतक्या उंच की एफ कॉर्ड लागेपर्यंत निम्मी मुलं सोडून जायची.

नेपथ्य या बँडची सुरुवात नव्वदीच्या आरंभी झाली तीसुद्धा अशीच. पोखऱ्याकडची मुलं काठमांडूत शिकायला आलेली, तिथं एकत्र आली आणि गाऊ लागली. तुमच्या मित्रांचं पुणं म्हणजे त्यांचं काठमांडू. बाहेर शिकायला जाऊन बँड काढणं ही तिकडची जुनी वाट आहे, आणि पुण्यातली वर्षं त्यांनी तयारीची म्हणूनच वापरावीत.

बँड सहसा प्लस टूच्या वर्गात, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीत जमतो. कॉलेजच्या स्वागत समारंभात दोन गाणी, निरोप समारंभात तीन. मग काठमांडूत असाल तर ठमेल, पोखऱ्यात असाल तर लेकसाइड. तिथल्या बारमध्ये रात्री तीन-तीन तास कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी, वाजवायची: आधी इंग्रजी क्लासिक रॉक, मग हिंदी, गर्दी रंगली की जुनी नेपाळी. परदेशी पर्यटक कमी झाले तसं नेपाळी गाण्यांचं प्रमाण वाढत गेलं आणि आता स्थानिक गिऱ्हाईकच बार चालवतं. या कामाला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतील. माझं मत उलटं आहे. आठवड्यातून चार रात्री वाजवणाऱ्या ड्रमरचा हात जो बसतो तो रिहर्सलच्या खोलीत बसत नाही. मॉनिटर, म्हणजे स्वतःचा आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर, नीट नसताना गाणं, तार तुटली तरी गाणं न थांबवणं, समोरच्या टेबलाचं लक्ष नसताना सुरात राहणं हे सगळं तिथंच शिकता येतं. फक्त मुदत ठरवून घ्यावी. वर्ष-दीड वर्ष कव्हर, त्यात दर महिन्याला स्वतःचं एक गाणं घुसवायचं. मुदत ठरवली नाही तर बारमालकाला आवडणारा बँड तयार होतो आणि स्वतःचं गाणं मागेच पडतं.

आता वाद्यांबद्दल, कारण नेपाळी बँडची ओळख इथं ठरते आणि मला यावर जरा रेंगाळायचं आहे.

लेड झेपेलिनसारखे इंग्रजी रॉक बँड ऐकून वाढलेली मुलं ढोबळपणे चारच्या मोजणीत विचार करतात. नेपाळी लोकगाण्याचा मोठा भाग झ्याउरे या तालात आहे, सहा मात्रांचा, झुलणारा. दादरा कानात बसलेल्या मराठी माणसाला तो चटकन पकडता येतो, म्हणून हे तुम्हाला मुद्दाम सांगतोय. झ्याउरे चारमध्ये कोंबला की गाणं सरळ होतं पण त्यातला डोंगर निघून जातो. रिहर्सलला मी ड्रमरला नेहमी एकच गोष्ट करायला सांगतो: मादलवाल्याला (मादल म्हणजे ढोलकीसारखं नेपाळी वाद्य) आधी एकटा वाजवू दे, तू फक्त हाय-हॅट (पायानं उघडमीट होणारी झांजांची जोडी) आणि बास ड्रम धर, स्नेअर पहिल्या अंतऱ्यापर्यंत बंद. मग स्नेअर आणायचा तो चौथ्या मात्रेवर, सहामध्ये एकदाच. एवढं केलं की गिटारवाला आपोआप जागा सोडायला लागतो.

मादल स्टेजवर आणणं हे साउंडवाल्याच्या कसोटीचं काम. आडवं खोड, दोन तोंडं, दोन्हींवर तबल्यासारखी शाई. मोठ्या तोंडाला घुमारा, लहान तोंडाला टणक आणि स्पष्ट स्वर. एकच माइक मधोमध लावला तर दोन्ही हरवतात, म्हणून दोन माइक हवेत. दोन्ही बाजूंनी समोरासमोर लावलेले माइक एकमेकांना खातात, तेव्हा एकाची पोलॅरिटी (मिक्सरवरच्या बटणानं आवाजाची लहर उलटी करणं) उलटून ऐकायची आणि जिथं घुमारा भरतो तिथं ठेवायची. खरी मारामारी खाली ८० ते १५० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. बास गिटार, बास ड्रम आणि मादलचं मोठं तोंड तिघांनाही तीच जागा हवी असते. मी झ्याउरेच्या गाण्यात ती जागा मादलला देतो, बास गिटारला थोडं वर ढकलतो आणि बास ड्रम आखूड करतो. नाहीतर मागच्या रांगेत फक्त घरघर पोचते आणि मादलवाला दिसतो पण ऐकू येत नाही. आणखी एक: मादलला स्वर असतो. गाणं ज्या पट्टीत आहे त्या पट्टीत जुळणारं मादल सोबत पाहिजे, म्हणून चांगला वादक दोन-तीन मादलं घेऊन फिरतो. बँडनं गायकाच्या सोयीसाठी ऐन वेळी पट्टी बदलली की पहिला गोंधळ मादलवाल्याचा होतो.

या वाद्याचं मुंबईशी जुनं नातं आहे. दार्जिलिंगचे रणजित गजमेर, ज्यांना सगळे कांचा म्हणत, त्यांनी आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात मादल वाजवलं आणि ते हिंदी गाण्यांतून आपल्या कानांवर बसलं. पुण्यातल्या मुलांना ओळखीतला कुणी तबलजी मिळाला तर त्याच्याकडून बोटांची बैठक नक्की शिकून घ्यावी. पण झ्याउरेचं वजन मात्र गावाकडच्या मादलवाल्याकडूनच उचलावं.

मादल घेतलं की बँड नेपाळी झाला असं मी म्हणत नाही. १९७४ एडी या बँडनं ब्लूज, फंक आणि रॉकच्या अंगानं नेपाळी गाणी केली आणि एका पिढीची गाणी दिली. १९९८ मध्ये सुरू झालेला अल्बाट्रॉस गिटारच्या भिंतीवर उभा आहे, अंडरसाइडसारखा बँड मेटलमध्ये आहे, आणि अभया सुब्बांनी द स्टीम इंजन्स घेऊन पुरुषांनी भरलेल्या स्टेजवर बाईच्या आवाजाचा रॉक उभा केला. या सगळ्यांत समान धागा एकच, गाणं नेपाळीत आहे किंवा नेपाळच्या आयुष्याबद्दल आहे. तुमच्या मित्रांनी इंग्रजीत लिहिलेली गाणी चांगली असतीलही, पण ती आधी ठेवू नयेत. पोखऱ्यातला श्रोता बँड लक्षात ठेवतो तो चारचौघात बसून गाता येईल अशा एका नेपाळी गाण्यामुळे. चार सोप्या कॉर्डवर, एका गिटारीवर, पिकनिकच्या बसमध्ये ते गाता आलं पाहिजे. तिकडे गाणं असंच पसरतं आणि आजही मोबाइलपेक्षा पिकनिकच्या बसवर माझा जास्त भरवसा आहे.

पसरण्याची साधनं बदलत गेली. पूर्वी रेडिओ नेपाळ हेच एक दार होतं आणि तिथं स्वरपरीक्षा द्यावी लागे. १९९० नंतर वातावरण मोकळं झालं, १९९६ मध्ये हिट्स एफएम आलं, १९९७ मध्ये रेडिओ सगरमाथा, आणि ज्यांच्या गिटारीत खरखर होती अशा गाण्यांनाही वेळ मिळायला लागला. त्या लाटेवर नव्वदीचे बँड घराघरात पोचले. मग कॅसेट गेली, यूट्यूब आलं, टिकटॉक आलं. इथं सावध राहायला हवं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं टिकटॉक बंद केलं ते ऑगस्ट २०२४ पर्यंत बंदच होतं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तर यूट्यूब, फेसबुकसकट बहुतेक समाजमाध्यमांवर बंदी घातली गेली. त्यातून जे आंदोलन पेटलं त्यात सरकार पडलं आणि बंदीही उठली. पण ज्या बँडचा सगळा श्रोता एकाच ॲपवर होता त्याची काय अवस्था झाली असेल याचा विचार करा. गाणी सगळीकडे ठेवावीत, आणि कार्यक्रमाला येणाऱ्या माणसांचे फोन नंबर एका साध्या वहीत लिहून घ्यावेत.

संकटांची सवय तिथल्या बँडांना आहेच. २००८-०९ च्या हिवाळ्यात काठमांडूत दिवसाला सोळा तासांपर्यंत लोडशेडिंग होतं. रिहर्सलचं वेळापत्रक विजेच्या वेळापत्रकावरून लागायचं, वीज पहाटे तीनला आली तर ड्रमर पहाटे तीनला यायचा. जनरेटरवर ॲम्प चालवला की आवाजात गुणगुण आणि व्होल्टेज पडलं की मिक्सर बंद. २०१६ नंतर ते संपलं, पण त्या काळात अकूस्टिक, म्हणजे बिनविजेच्या वाद्यांवरच्या, गाण्यांची जी सवय लागली ती आजच्या नेपाळी संगीतात ऐकू येते. त्याआधीची दहा वर्षं, १९९६ ते २००६, माओवादी सशस्त्र संघर्षाची. रात्रीचा प्रवास धोक्याचा, कर्फ्यू कधी लागेल सांगता येत नसे. त्याही दिवसांत नेपथ्यनं शांततेसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत कार्यक्रम केले. नेपथ्यचे गायक अमृत गुरुङ गावोगाव पायी फिरतात, गाणी गोळा करतात, आणि ती परत त्याच माणसांपुढे मोठ्या आवाजात वाजवतात. माझ्या मते नेपथ्यच्या वाढीचं मूळ या पायपिटीत आहे.

पैशाचं बोलू. बारमधून खोलीचं भाडं आणि जेवण निघतं. यूट्यूबचे पैसे नव्या बँडला गिटारच्या तारा आणि ड्रमच्या काड्यांपुरते. खरा पैसा महोत्सवात. तिहार, म्हणजे नेपाळी दिवाळी, संपल्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत जिल्ह्याजिल्ह्यांत महोत्सव भरतात: व्यापारी मेळा, पाळणे, खाण्याचे गाळे आणि संध्याकाळी स्टेज. तिथं पाचव्या क्रमांकावर तुमचा बँड, आधी दोहोरी (सवाल-जवाबाचं लोकगीत) गायक, नंतर विनोदी कलाकार. साउंडचेक मिळत नाही. मिळतात ती दोन गाण्यांमधली दहा मिनिटं, त्यात फक्त लाइन चालू आहे का एवढंच बघायचं. म्हणून कुठला सॉकेट कुणाचा, किती माइक, कोण कुठं उभा याचा एक कागद छापून खिशात ठेवावा आणि पोचल्या पोचल्या साउंडवाल्या दाइच्या (दादाच्या) हातात द्यावा. जो बँड हे करतो त्याचा आवाज चांगला लागतो, कारण साउंडवाल्याला तो आपला वाटतो. निम्मे पैसे निघण्याआधी घ्यावेत. महोत्सव संपल्यावर आयोजक समितीतला कोण कुठं असतो हे शोधणं अवघड असतं. पावसाळ्यात काम नाही, ते चार महिने गाणी लिहायचे आणि शिकवण्या घ्यायचे. बहुतेक वादक शिकवूनच घर चालवतात, त्यात कमीपणा काहीच नाही.

आणि मग परदेश. बँडचं एक गाणं खरोखर पसरलं की पहिला मोठा फोन सिडनी, हाँगकाँग, टोकियो, टेक्सास किंवा दोह्याहून येतो. बोलावणारे तिथले नेपाळी, कधी विद्यार्थी संघटना, कधी गावकऱ्यांची समिती. आखाती देशांत कार्यक्रम सहसा शुक्रवारी, कारण बऱ्याच मजुरांना तोच एक दिवस मोकळा. तिथं पहिल्या कॉर्डला जो आवाज उठतो तो काठमांडूत उठत नाही. समोर उभा असलेला माणूस दोन वर्षं घरी गेलेला नसतो आणि गाणं त्याच्या डोंगराचं असतं. नेपथ्यनं २०१३ मध्ये लंडनच्या वेम्बली अरीनामध्ये कार्यक्रम केला तो या ताकदीवर. स्थानिक बँडला मिळणारा जगभरचा श्रोता म्हणजे पांगलेलं गावच आहे, म्हणून गावाची गाणीच दूर जातात.

याची सुरुवात पुण्यात आत्ताच करता येते. पुण्या-मुंबईत हॉटेलांत, सुरक्षारक्षक म्हणून, कोकणात आंब्याच्या बागांवर कितीतरी नेपाळी माणसं काम करतात. तीज, दशैं (नेपाळी दसरा) अशा सणांना त्यांचे मेळावे होतात. तुमच्या मित्रांनी पुण्यातल्या कॅफेत वाजवावंच, पण या मेळाव्यांत जाऊन आधी वाजवावं, फुकट वाजवावं लागलं तरी. कुठल्या गाण्याला पन्नाशीतला माणूस उठून नाचतो आणि कुठल्या गाण्याला मोबाइल काढून बसतो, हे एका संध्याकाळी कळेल. बांधलेली साथ, मिक्स, सगळं त्यावरून बदला.

शेवटी पुन्हा माणसांकडे. टिकलेल्या बँडांकडे बघितलं तर दोन रीती दिसतात. १९७४ एडीमध्ये गायक बदलत गेले, पण बासवर निराकार याक्थुम्बा आणि गिटारवर मनोज केसी ही बैठक टिकली, म्हणून आवाज ओळखू येत राहिला. नेपथ्यमध्ये वादक बदलले, अमृत गुरुङ राहिले. दोन्हींत कुणीतरी एक धागा हातात धरून ठेवला. तुमच्या मित्रांच्या बँडमध्ये तो कोण, हे त्यांनी आजच उघडपणे बोलावं. परदेशी जायचं ज्याच्या मनात आहे त्यानं ते सांगावं, त्यात पाप नाही. लपवलं की ऐन महोत्सवाच्या आठवड्यात बँडला ड्रमर शोधावा लागतो. प्रत्येक वाद्याला एक पर्यायी वादक आधीच माहीत असावा, त्यानं महिन्यातून एकदा रिहर्सलला येऊन बसावं. प्रत्येक गाण्याची प्रत्येक वाद्याची वेगवेगळी रेकॉर्डिंग ठेवावी, म्हणजे नव्या माणसाला चार दिवसांत गाणं बसवता येतं.

आणि कागद करावा. बँडचं नाव कोणाचं, गाणं कोणी लिहिलं, चाल कोणाची, गेलेल्या माणसाला जुन्या गाण्याचे पैसे मिळणार का आणि किती, तो सिडनीत बसून त्याच नावानं कार्यक्रम करू शकतो का. एवढे पाच प्रश्न, एका पानात, सगळ्यांच्या सह्या. पहिलं गाणं रेकॉर्ड करायच्या आधी हे करावं. गाणं गाजल्यावर या पानावर सह्या मिळत नाहीत. मसुदा नेपाळीतच लिहा, आणि पोखऱ्याला गेल्यावर तिथल्या एखाद्या वकिलाला दाखवून घ्या, कारण भारतात केलेला कागद तिथं चालेलच असं धरून चालू नये.